नौदलातल्या आजोबांची पेटी



गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतले एक आजोबा गेले. तरुणपणाची पंधरा वर्षं त्यांनी नौदलात काढली होती. आमच्या गटाची बैठक त्यांच्याच पडवीत व्हायची. आम्ही हप्ते मोजायचो, वह्या भरायचो आणि ते बाजूला खुर्चीत बसून ऐकायचे. अधूनमधून म्हणायचे, "बायांनो, तुमचा हिशेब झाला की एकदा माझाही लिहून घ्या." आम्ही हसायचो. "आजोबा, मार्चअखेर होऊ दे," म्हणायचो. मार्च झाला. मग काजू-आंब्याचा हंगाम आला, मग पेरणी, मग लावणी. लावणी आटोपून आम्ही हात धुतले, तेव्हा आजोबा नव्हते.

बाराव्यानंतर आजींनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आत पांढरा गणवेश, टोपी, तीन पदकं, सुतळीने बांधलेली अंतर्देशीय पत्रं आणि एक फोटो निघाला. फोटोत जहाजाच्या डेकवर उभी बारा पोरं. आजींनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं. "हे आमचे." आम्ही विचारलं, "आणि बाकीचे कोण?" आजी म्हणाल्या, "ते त्यांनाच ठाऊक."

अकरा पोरांची नावं आजोबांबरोबर गेली. त्यांतला एखादा लढाईतून परत आला नसेल, हेही आता आम्हाला कळायचं नाही. गटाच्या वहीत रुपया चुकला तर आम्ही रात्र जागवून तो शोधतो. इथे एका माणसाचं अख्खं आयुष्य वहीत यायचं राहिलं आणि ते आमच्यामुळे राहिलं. म्हणून आजचं बोलणं याच विषयावर आहे. आपल्या गावात जे नौदलातले आजोबा अजून आहेत, त्यांनी लढाईत काय पाहिलं ते ऐकून ठेवायचं. कोणी बाहेरून येईल म्हणून थांबायचं नाही, आपणच ठेवायचं.

आधी जरा मागे जाऊ. कोकणातल्या घरात नौदलाची पेटी का सापडते?

आपल्याकडे भात एकदाच पिकतं. जमीन थोडी, वाटे फार. त्यामुळे कोकणातला माणूस पिढ्यान् पिढ्या दोन वाटांनी बाहेर पडला. एक वाट मुंबईच्या गिरणीकडे गेली, दुसरी गोदीकडे. कोणी व्यापारी आगबोटीवर खलाशी झाला, कोणी इंग्रजांच्या आरमारात भरती झाला. त्या आरमाराचं नाव रॉयल इंडियन नेव्ही. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधी हे आरमार अगदी लहान होतं आणि त्यातल्या साध्या नाविकांत रत्नागिरी भागातल्या मुसलमान आणि मराठा घरांतली मुलं पुष्कळ असायची. १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि पुढच्या सहा वर्षांत हेच आरमार कितीतरी पटींनी वाढलं. देशाच्या सगळ्या भागांतून पोरं आली.

त्या युद्धातली एक गोष्ट सांगते. ११ नोव्हेंबर १९४२. 'बेंगाल' नावाचं आपलं एक छोटं जहाज हिंदी महासागरातून येत होतं. सुरुंग काढायचं जहाज ते, मोठ्या लढाईसाठी बांधलेलंच नव्हतं. त्याच्यासोबत 'ओंडिना' नावाचं तेलवाहू जहाज होतं. समोरून जपानची दोन मोठी, तोफा बसवलेली जहाजं आली. पळून जाणं शक्य नव्हतं. 'बेंगाल' त्यांच्यावर चालून गेलं. त्या लढाईत दोन जपानी जहाजांपैकी एक बुडालं आणि आपलं छोटं जहाज मार खाऊन का होईना, तरंगत राहिलं. हे पुस्तकांत आहे. पण त्या दिवशी जहाजाच्या पोटात कोण होतं, कोणाच्या हाताला भाजलं, कोण आईचं नाव घेत होतं, हे त्या पोरांनाच ठाऊक होतं.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या आणि ज्यांची कबर कुठेच नाही अशा माणसांच्या नावांची नोंद आहे. सुमारे चारशे नौसैनिक आणि सुमारे सहा हजार व्यापारी जहाजांवरचे खलाशी. तशीच एक नोंद बांगलादेशात चितगावला ठेवली आहे, कारण खलाशी जसे कोकणातून जायचे तसे चितगाव आणि सिल्हेटकडूनही जायचे. त्या नोंदीत नाव सापडेल. पण नावाच्या मागचा माणूस सापडणार नाही. तो फक्त घरातल्या कोणाच्या आठवणीत होता आणि ती आठवण सांगणारीही आता गेली.

बायकांचंही एक पान त्या काळात आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत त्या आरमारात स्त्रियांचीही शाखा होती. त्या कचेऱ्यांत, संदेशांच्या कामावर असायच्या. त्यांच्यातल्या कल्याणी सेन नावाच्या अधिकारी १९४५ साली ब्रिटनच्या भेटीवर गेल्या. अशा भेटीवर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय लष्करी सेवेतल्या स्त्री. त्यांचा फोटो आहे. साडी, वर अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या आणि चेहऱ्यावर अजिबात संकोच नाही.

युद्ध संपलं आणि १९४६ साली उठाव झाला. १८ फेब्रुवारीला मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या केंद्रातल्या नाविकांनी जेवण नाकारलं. खराब अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला भेदभाव आणि या सगळ्याच्या वर देश स्वतंत्र व्हावा ही इच्छा. बघता बघता उठाव ७८ जहाजांवर आणि २० केंद्रांत पसरला, सुमारे वीस हजार नाविक त्यात उतरले. त्यांचं जेवण-पाणी तोडलं, तेव्हा मुंबईची साधी माणसं गेटवेवर भाकऱ्या, फळं, डबे घेऊन गेली. गिरण्या बंद पडल्या. गोळीबार झाला आणि मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळमध्ये गोळी लागून गेलेल्या कमल दोंदे या स्त्री कार्यकर्तीचं नाव आपण तरी लक्षात ठेवू. २३ फेब्रुवारीला नाविकांनी उठाव थांबवला. कित्येकांची नोकरी गेली आणि स्वातंत्र्य आल्यावरही ती परत मिळाली नाही.

आता हिशेब करा. १९४२ साली जो अठरा वर्षांचा होता, तो आज शंभरी ओलांडलेला असेल. ती पिढी जवळजवळ सगळी गेली. १९६१ साली गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर उतरलेले नाविक असतील, तर ते ऐंशीच्या पुढे. आणि १९७१ च्या युद्धात जो वीस वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. तो आपल्या गावात आहे. सकाळी देवळाच्या पारावर, नाहीतर मशिदीच्या पायरीवर बसलेला असतो. आपण त्याला "आजोबा, जेवलात का?" विचारतो आणि पुढे जातो.

१९७१ चं युद्ध १३ दिवसांचं. ३ डिसेंबरला संध्याकाळी सुरू झालं, १६ डिसेंबरला संपलं आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. त्यात नौदलाने काय केलं ते थोडक्यात असं. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका मोठ्या जहाजांच्या सोबतीने कराचीवर गेल्या. त्या नौका रशियाकडून घेतलेल्या होत्या आणि त्यांच्यावरची माणसं रशियात शिकून आली होती. पाकिस्तानची 'खैबर' आणि 'मुहाफिज' ही युद्धनौका त्या रात्री बुडाली आणि आपलं एकही माणूस गेलं नाही. म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन. ८ डिसेंबरच्या रात्री 'विनाश' या नौकेने पुन्हा कराचीवर हल्ला केला, तेव्हा तिथल्या तेलाच्या टाक्या पेटल्या. तिकडे पूर्वेच्या समुद्रात 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज होतं. त्याच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. तरीही ते लढाईत उतरलं आणि त्याच्यावरची विमानं कॉक्स बझार आणि चितगाववर गेली.

आणि ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'खुकरी' बुडाली. पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नाविक, मिळून १९४ माणसं. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला 'खुकरी'चं स्मारक आहे. तिकडे सहलीला गेलात तर तिथे थांबा.

हे सगळं पुस्तकांत आहे. मोठ्या अधिकाऱ्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, नौदलाचा इतिहास लिहिला. ते चांगलंच झालं. पण जहाजावर एका अधिकाऱ्यामागे कितीतरी नाविक असतात. इंजिनावरचा स्टोकर, संदेशवाला सिग्नलमन, आचारी, दोऱ्या ओढणारा, तोफेत गोळा भरणारा. 'खुकरी'चाच आकडा बघा, १८ आणि १७६. त्या १७६ जणांच्या जागी उभं राहून लिहिलेलं किती आहे? फार थोडं. आपल्या गावातले आजोबा त्यांच्याच जातकुळीतले. आणि ते न लिहिणारे, न बोलणारे.

ते का बोलत नाहीत, हे आम्हाला त्या आजोबांनंतर कळलं. आम्ही चौघी-पाचजणींनी ठरवलं की आता लावणी असो की मार्चअखेर, महिन्याला एका घरी जायचं. आतापर्यंत सात माणसांचं बोलणं आम्ही मोबाईलवर घेतलं. चार नाविक आणि तीन बायका.

पहिले आजोबा स्टोकर होते. म्हणजे जहाजाच्या तळाशी, इंजिनाच्या खोलीत. आम्ही मोठ्या उत्साहाने विचारलं, "आजोबा, लढाई कशी होती सांगा." ते म्हणाले, "मला काय विचारता? मी खाली होतो. मला काही दिसलंच नाही." आणि गप्प बसले. आम्हाला वाटलं, झालं, आता उठायचं. मग आमच्यातली एक सहज म्हणाली, "दिसलं नाही, पण ऐकू काय आलं?"

त्यावर ते दीड तास बोलले. लढाईची घंटा झाली की वरची लोखंडी झाकणं बंद होतात. जहाजात पाणी शिरलं तर ते एका खोलीत अडावं म्हणून ती बंद करायची, पण आतल्या माणसालाही मग बाहेर येता येत नाही. तिथे अशी गरमी की बनियन पिळलं तर धार लागावी. समुद्र पत्र्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर. वर तोफ उडाली की खाली पायाला कळतं, कानाला नंतर. कुठून धडका बसतायत, आपली का त्यांची, काही कळत नाही. समोरच्या काट्यावर डोळा ठेवायचा आणि वरून हुकूम येईल तेवढी वाफ द्यायची. शेजारचा पोरगा काही न बोलता एकच नट पुसत होता, पुन्हा पुन्हा. "मी पण तेच करत होतो," आजोबा म्हणाले. "हातांना काहीतरी लागतं ना."

पन्नास वर्षं या माणसाला वाटत होतं की आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, कारण त्याने शत्रूचं जहाज पाहिलं नाही. आपल्या बायकांचंही असंच नाही का? घर चालवलं, गुरं राखली, पोरं वाढवली आणि कोणी विचारलं तर म्हणतो, "मी काय केलं? मी घरीच होते."

दुसरे चाचा आचारी होते. त्यांचंही पहिलं वाक्य तेच, "मी तर नुसता कुक." पण लढाईच्या वेळी चूल बंद होते. मग माणसांना काय द्यायचं, ते जागेवरून न हलता एका हाताने कसं खातील, हे त्यांनाच बघावं लागायचं. पुऱ्या, कोरडी भाजी आणि चहा. घंटा झाली की त्यांचं काम बदलायचं. आचारी जखमींना उचलायच्या तयारीत उभे राहायचे. "स्ट्रेचर लागलं नाही, अल्लाची मेहेरबानी," ते म्हणाले आणि मग बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. त्या वेळी आम्ही फोन बंद केला. चहा घेतला. पुढचं बोलणं पंधरा दिवसांनी झालं.

आणि आता तिसरी गोष्ट, जी एका आजींची आहे. त्यांचं १९७१ साली नुकतंच लग्न झालेलं. नवरा जहाजावर, या सासरी. पत्र पाठवायचं तर पत्त्यावर जहाजाचं नाव आणि 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढंच लिहायचं. जहाज कुठे आहे ते पत्रात येत नसे. वाडीत ट्रान्झिस्टर एकाच घरी. डिसेंबरात संध्याकाळी सगळी वाडी त्या अंगणात बसायची. मुंबईत काळोख पाळतात, खिडक्यांना काळे कागद लावतात, भोंगे वाजतात, हे मुंबईहून आलेली माणसं सांगायची. मग एक दिवस बातमी आली की आपलं एक जहाज बुडालं. आजींना नाव नीट ऐकू आलं नाही. सुनेने पुढे होऊन पुरुषांना विचारायची रीत नव्हती. त्या मागच्या मागे घरी आल्या आणि भांडी घासायला बसल्या.

ते त्यांच्या नवऱ्याचं जहाज नव्हतं. पण हे त्यांना कळलं ते पत्र आल्यावर, कितीतरी दिवसांनी. तेवढे दिवस त्या रोज पोस्टमन वाडीत शिरायच्या वेळेला विहिरीवर जात होत्या. त्याच्या हातात तार आहे की पत्र, हे लांबूनच दिसावं म्हणून. तेवढे दिवस त्यांनी रात्रीचं जेवण घेतलं नाही आणि घरात कोणाला कळूही दिलं नाही.

हे त्या आम्हाला सांगत होत्या तेव्हा आजोबा ओटीवरच बसले होते. ते म्हणाले, "हे तू मला कधी बोलली नाहीस." आजी म्हणाल्या, "तुम्ही तरी कधी काय बोललात?"

सख्यांनो, लढाई फक्त समुद्रावर झाली नव्हती, ती त्या विहिरीवरही झाली होती. म्हणून आमच्या गटाने एक नियम केला. ज्या घरी आजोबांचं बोलणं घेऊ, त्या घरी आजींचंही वेगळं घ्यायचं. शक्य तर आजोबा बागेत गेलेले असताना. आणि जिथे आजोबा गेले, तिथे आजी आहेत तोवर लगेच जायचं.

आता हे करायचं कसं, ते आमच्या चुकांतून शिकलो तसं सांगते.

दोघींनी जावं. एकीने बोलायचं, दुसरीने मोबाईल सांभाळायचा आणि वहीत नावं टिपायची. मोबाईलमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असतेच. आधी तो विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येतो आणि सगळं तुटतं. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. फोन त्यांच्या जवळ, कपड्याच्या घडीवर ठेवा. सुरुवातीला आपणच तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते सांगा. नाहीतर दहा वर्षांनी आवाज असेल आणि आवाज कोणाचा ते कळणार नाही, आमच्या त्या फोटोसारखं.

लढाईपासून सुरू करू नका. आईपासून करा. घरातून निघालात तेव्हा आई काय म्हणाली? भरतीला कोण घेऊन गेलं? पहिला पगार किती, तो कोणाला दिला? पहिल्यांदा समुद्र लागला तेव्हा काय झालं? झोपायचात कुठे? जेवायला काय असायचं? लोणावळ्याला 'शिवाजी' केंद्रात इंजिनाचं काम शिकलात का? अशा साध्या प्रश्नांनी माणूस त्या जहाजावर परत जातो. मग लढाई आपोआप येते. "किती माणसं मारली?" हे कधीही विचारू नका. आणि पोरांना घोळका करून बसवू नका.

पदकं बघायला मागा. १९७१ ची पदकं पुष्कळ सांगतात. पश्चिमी स्टार असेल तर माणूस पश्चिमेच्या बाजूला होता, पूर्वी स्टार असेल तर पूर्वेच्या. संग्राम मेडलही बहुतेक पेटीत सापडतं. पदकावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते भिंगाने वाचून वहीत उतरवा. चकाकवायला चिंच-राख लावू नका, अक्षरं झिजतात.

फोटो एकेक हातात द्या आणि प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. मिळालेली नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने नको.

आठवण चुकते, हेही ध्यानात ठेवा. कराचीवर दोन हल्ले झाले, ४ ला आणि ८ ला. ऐकताना आमच्या लक्षात आलं की पुष्कळदा हे दोन्ही एकच रात्र होऊन सांगितले जातात. आम्ही मध्ये तोडून, "नाही आजोबा, पुस्तकात तर असं आहे," असं केलं आणि ते बोलायचेच थांबले. तेव्हापासून आम्ही सांगितलेलं तसंच ठेवतो आणि आमच्या वहीत बाजूला पुस्तकातली तारीख लिहितो. आजोबा काही तारखांचं पुस्तक नव्हेत. पुस्तकात नाही ते त्यांच्याकडे आहे.

परवानगी आधी घ्या आणि ती रेकॉर्ड करा. हे बोलणं कोणी ऐकायचं? फक्त घरच्यांनी, शाळेतल्या मुलांनी की आपल्या रेडिओवरही? जे नको म्हणतील ते बाहेर जायचं नाही. एखादी गोष्ट सांगून झाल्यावर "हे ठेवू नका" म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तुकडे टाकू नका. आणि पेन्शनची कागदपत्रं, बँकेचं पुस्तक, ओळखपत्र यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका. म्हाताऱ्या माणसांना फसवणारे टपलेलेच असतात.

कागदपत्रं बघताना मात्र एक गोष्ट विचाराच. आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर आजींचं नाव आणि जन्मतारीख आधारकार्डासारखीच आहे ना? कित्येक घरांत माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर असं असतं आणि आजोबा गेल्यावर आजींची कुटुंब पेन्शन त्या एका अक्षरासाठी अडते. आजोबा आहेत तोवर ते दुरुस्त करणं सोपं. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. गोष्ट ऐकायला गेलो आणि आमच्या गटाने असे दोन घरांचे कागद मार्गी लावले. त्या आजी आता म्हणतात, "तुमच्या रेडिओचा काहीतरी उपयोग झाला."

शेवटी, रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवा. एक घरच्यांकडे, एक गटाच्या पेन ड्राईव्हवर, एक गावच्या वाचनालयात नाहीतर शाळेत. मोबाईल पाण्यात पडतो, पोरं पुसून टाकतात. आणि ऐकून झालं की मुख्य गोष्टी आणि सगळी नावं वहीत लिहा. वही आपल्याला ठेवता येते, हे आपण इतकी वर्षं दाखवलेलंच आहे.

आता एका जहाजाचं सांगून थांबते. 'विक्रांत' हे १९७१ मध्ये पूर्वेच्या समुद्रात लढलेलं जहाज १९९७ साली निवृत्त झालं. काही वर्षं ते मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं. आपल्यातल्या कोणी शाळेच्या सहलीत ते पाहिलंही असेल. पण एवढं मोठं जहाज सांभाळणं जमलं नाही. २०१४ साली ते भंगारात गेलं आणि मुंबईतच तोडलं. त्याचं थोडं लोखंड एका मोटारसायकलच्या कंपनीने घेतलं आणि आपल्या गाडीत वापरलं. नवं 'विक्रांत' २०२२ साली नौदलात आलं, पण ते जुनं जहाज आता कुठेच नाही. त्याच्या तडकलेल्या बॉयलरशेजारी उभं राहून काम केलेला एखादा स्टोकर मात्र अजून कुठल्यातरी वाडीत असेल.

तर सख्यांनो, येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी करा. आपल्या वाडीत, शेजारच्या वाडीत, माहेरच्या गावात नौदलातून आलेले कोण कोण आहेत, त्यांचं वय किती आणि घरी आजी आहेत का. सगळ्यात वयस्कर माणसाचं नाव वर लिहा. ४ डिसेंबरच्या आत प्रत्येक गटाने एका घरी तरी जायचं. ज्यांची परवानगी असेल त्यांचं बोलणं आपण नौदल दिनाच्या आठवड्यात याच केंद्रावरून ऐकवू.

आम्ही पुढच्या रविवारी त्या फोटोवाल्या आजींकडे पुन्हा जाणार आहोत. पत्रांच्या गठ्ठ्यात मित्रांची नावं सापडतात का ते बघायला. आजींना वाचता येत नाही, म्हणून ती पत्रं आजवर कोणी उघडलीच नव्हती. त्या म्हणाल्या, "या, पण मोठ्याने वाचा. मलाही ऐकायची आहेत."